पसरणी घाटातला दुसरा गिअर: एका जुन्या मारुती ८०० च्या गिअर ऑइलची केस

गाडी मारुती ८००, २००४ चं मॉडेल, चार गिअरची, एमएच ११ पासिंग. मालक निवृत्त शिक्षक, राहणार पाचगणी. तक्रार अशी: सकाळी गाडी काढली की दुसरा गिअर पडत नाही, रेटून पाडला तर खर्रकन वाजतो. दुपारी गाडी गरम झाली की जरा बरं. रिव्हर्स मात्र कधीही टाका, सगळी आळी वळून बघते. वाईला आमच्या गॅरेजात येईपर्यंत सरांना दोन सल्ले मिळून झाले होते. एका मिस्त्रीच्या मते गिअरबॉक्स उतरवून सेकंडची रिंग बदलायला हवी होती, खर्च दहा-बारा हजार. दुसऱ्याच्या मते नुसतं ऑइल बदलून भागणार होतं. गाडीखाली न वाकता दिलेले हे दोन्ही सल्ले पुढे थोडेथोडे खरे निघाले, पुरता खरा एकही नाही.

सर म्हणजे अख्ख्या गावाचे सर. मलाही त्यांनी भूगोल शिकवलाय. त्यामुळे ते मला ‘अरे’ म्हणतात आणि बिलावर घासाघीस करत नाहीत, पण प्रत्येक कामाला ‘कारण सांग’ म्हणतात. ही केस इतक्या तपशिलात लिहिता येतेय ती त्या सवयीमुळेच.

गाडीचं ओडोमीटर ऐंशी हजारांच्या पुढे. वीस वर्षांच्या गाडीला हे काहीच नाही, असं कुणीही म्हणेल. पण हे किलोमीटर कुठे झालेत ते बघायला हवं. पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर, वाई ७०० च्या आसपास, आणि मधे पसरणी घाटाचे बारा-तेरा किलोमीटर. चढताना दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा असं सतत चालू. उतरताना सर शिस्तीने दुसऱ्यात गाडी ठेवतात, ब्रेक तापवत नाहीत. म्हणजे हायवेवर लाखभर धावलेल्या गाडीचा दुसरा गिअर जितक्या वेळा पडला असेल, त्याच्या कितीतरी पट या गाडीचा पडलाय. किलोमीटरवरून गिअरबॉक्सचं वय काढायला गेलं तर घाटातल्या गाडीच्या बाबतीत हिशेब चुकतोच.

सरांची वही

सर गाडीची वही ठेवतात. पेट्रोल, हवा, पंक्चर, सर्व्हिस, सगळं तारखेनिशी, आणि बिलं टाचणीने लावलेली. तक्रार कधी सुरू झाली हे विचारल्यावर बहुतेक गिऱ्हाईक ‘झाले असतील दोन-तीन महिने’ असं हवेत उत्तर देतं. सरांनी पान उघडून दाखवलं: ‘सेकंड सकाळी कडक’ ही पहिली नोंद नोव्हेंबर अखेरची होती.

थंडी सुरू झाली आणि गिअर कडक झाला, असं म्हणून पान उलटता आलं असतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर थंडी खरंच पडते, वेण्णा लेकच्या काठावर दव गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात पेपरात येतात. पण गाडी तिथे वीस हिवाळे काढून बसलीय. म्हणून आणखी मागे गेलो. दिवाळीच्या आधी एका गॅरेजात (वाईतलं नव्हे, नाव घ्यायचं कारण नाही) पुढच्या डाव्या चाकाच्या शाफ्टचा रबरी बूट (जोडातलं ग्रीस आत धरणारं रबरी आवरण) बदललेला. बिल हाताने लिहिलेलं: बूट, ग्रीस, मजुरी, आणि शेवटची ओळ ‘गिअर ऑइल ९० – १ लि.’

या एका ओळीत दोन प्रश्न होते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टचं आतलं टोक थेट गिअरबॉक्समध्ये बसलेलं असतं. बूट बदलायला शाफ्ट ओढून काढला की आतलं तेल भसाभसा बाहेर येतं. आधी तेल काढून घेतलं तर ठीक, नाहीतर ते खाली फरशीवर जातं आणि किती गेलं हे कुणी मोजत नाही. या गिअरबॉक्सला तेल लागतं दोन लिटरच्या आसपास. मग एकच लिटर कसं भागलं? आणि दुसरा प्रश्न, ‘९०’ म्हणजे कुठलं ९०?

संशय तिथेच पक्का झाला होता. तरीही लगेच प्लग खोलला नाही. तेल, केबल, बुश सगळं एका दिवशी बदलून टाकलं की गाडी सुधारते, पण कशाने सुधारली ते कळत नाही, आणि उरलेला दोष कुठे आहे तेही कळत नाही. सरांच्या ‘कारण सांग’ला उत्तर द्यायचं तर एकेक करूनच जायला हवं होतं.

आधी रिव्हर्स

या गाडीत पुढचे चारही गिअर सिंक्रोमेशचे, म्हणजे दाते आत शिरायच्या आधी एक रिंग (सिंक्रो) दोन्हींचे वेग जुळवून घेते. रिव्हर्सला सिंक्रो नाही. तिथे सरळ दात्यांचा एक छोटा गिअर सरकून दोन फिरत्या गिअरांच्या मधे घुसतो. त्यामुळे रिव्हर्स वाजतोय की नाही यावरून क्लच सुटतोय की नाही याची फुकटात परीक्षा होते. इंजिन चालू, गाडी उभी, क्लच पूर्ण दाबायचा आणि मनात चार-पाच आकडे मोजायचे. तेवढ्या वेळात क्लच प्लेट आणि तिला जोडलेला इनपुट शाफ्ट थांबायला हवा. मग रिव्हर्स टाकायचा. आवाज आला नाही तर क्लच नीट सुटतोय, आधी घाई होत होती इतकंच. एवढं थांबूनही खर्र झालं तर क्लच पुरता सुटत नाही, इंजिन अजून शाफ्टला फरफटवतंय.

सरांच्या गाडीत थांबूनही खर्र झालं.

या गाडीचा क्लच केबलवर चालतो. केबल ताणली की पेडल तळाला टेकलं तरी गिअरबॉक्सवरचा लिव्हर पूर्ण हलत नाही. खालून पाहिलं तर ॲडजस्टिंग नट जवळजवळ शेवटच्या आट्यांवर आलेला, आणि लिव्हरजवळ केबलच्या तीन-चार तारा तुटून ब्रशसारख्या विस्कटलेल्या. नवी केबल टाकली, प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी चाल) लावून दिला. रिव्हर्स शांत झाला आणि शांतच राहिला. सकाळचा दुसरा गिअर थोडा सुधारला, पण गेला नाही.

यात नवल नाही. अर्धवट सुटलेल्या क्लचमुळे सिंक्रोच्या रिंगला नुसत्या शाफ्टचा वेग जुळवायचा नसतो, मागून ढकलणाऱ्या इंजिनाशीही झुंजावं लागतं. अशा गाडीत कितीही भारी तेल ओतलं तरी गिअर वाजणारच. ‘तेल बदललं, काही फरक पडला नाही’ म्हणून येणाऱ्या गाड्यांत निम्म्या वेळा मला क्लच सापडतो.

मग गिअरचा दांडा. न्यूट्रलमध्ये तो ढिला, डावी-उजवीकडे हातभर डुलायचा. खाली रॉडच्या जोडावरची नायलॉनची बुश झिजून अंडाकृती झालेली. बुशचा किट स्वस्त, काम थोड्या वेळाचं. बदलल्यावर पहिला आणि तिसरा हाताला नेमका सापडायला लागला. सर खूश. दुसऱ्याची सकाळची खर्र तशीच.

न्यूट्रलमध्ये क्लच सोडून इंजिन चालू ठेवलं तर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा कुंईं असा आवाज येतो का, आणि क्लच दाबल्यावर तो जातो का, हेही ऐकून घेतलं. नव्हता. हा आवाज असता तर तेलाचा विषय तिथेच संपवून गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं असतं. बेअरिंग एकदा बोलायला लागलं की तेल त्याचं काही करू शकत नाही.

काही दिवस गाडी तशीच चालवायला दिली. आता उरलं तेल आणि रिंग.

प्लग

सरांनी गाडी घाट उतरून आणली, त्यामुळे तेल गरम होतं, तसंच हवं असतं. गार तेल काकवीसारखं येतं आणि गाळ तळाशी ठेवून येतं. गाडी खड्ड्यावर घेतली. जॅकवर एकच बाजू उचलून हे काम करू नये. गाडी चारही चाकांवर सपाट नसली तर लेव्हल खोटी दिसते, आणि गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरणं हा वेगळा मूर्खपणा.

पहिला नियम: आधी वरचा प्लग खोलायचा, जिथून तेल भरतात आणि लेव्हल बघतात. तो खोलला तरच खालचा. उलट केलं आणि वरचा जाम निघाला की तेल नसलेली गाडी खड्ड्यावर अडकते, आणि मग छिन्नी-हातोडा सुरू होतो. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं, ते माफ करत नाही.

या वरच्या प्लगवरच खरी गोष्ट दिसली. प्लग आणि त्याच्या भोवतीचं कवच यांच्यावर तेलकट तांबड्या मातीचा सलग थर होता, पठारावरची ती लाल माती. बॅटरीच्या प्रकाशात बोट फिरवलं तर प्लगच्या कडेची फटसुद्धा भरलेली. म्हणजे हा प्लग कित्येक वर्षांत कुणी खोललेलाच नव्हता. मग दिवाळीआधीचं ते एक लिटर गेलं कुठून? वर बोनेटमधून पाहिलं तर स्पीडोमीटरची केबल जिथे गिअरबॉक्समध्ये शिरते तिथला बोल्ट चकचकीत, नुकता पाना लागलेला. तिथून फनेलने तेल ओतलेलं. ओतायला ती जागा सोयीची, गाडीखाली जावं लागत नाही. पण तिथून लेव्हल दिसत नाही.

माती खरवडली, ब्रशने पुसली (नाहीतर ती आत पडते), गंज सोडवायचा स्प्रे मारून चहा पिऊन आलो, मग नीट बसणारा पाना लावून प्लग सोडवला. निरोगी गिअरबॉक्समध्ये तेल या भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं असतं. करंगळी आत घालून वाकवली की तेल लागतं. मी करंगळी घातली, पूर्ण वाकवली. कोरडी.

खालचा प्लग सोडला. जे तेल आलं ते मापाच्या भांड्यात धरलं: सव्वा लिटरच्या जरा आत. पाऊण लिटर तेल गायब होतं. गाडीखाली गळतीची खूण नव्हती, शाफ्टची दोन्ही सीलं कोरडी. म्हणजे ते गळलं नव्हतं, बूट बदलल्यावर भरलंच गेलं नव्हतं.

अशा गिअरबॉक्समध्ये तेलाला पंप नसतो. डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचा) मोठा गिअर सगळ्यात खाली तेलात बुडालेला असतो आणि तोच फिरताना तेल वर उडवतो. वरच्या शाफ्टवरच्या बेअरिंगांना आणि रिंगांना त्या शिंतोड्यांवरच जगायचं असतं. तेल खाली गेलं की सगळ्यात आधी उपाशी राहतं ते वरचं. बेअरिंग अजून बोलत नव्हतं हे सरांचं नशीब, आणि बहुधा सर साठच्या वर गाडी नेत नाहीत त्याचंही फळ.

तेल पांढऱ्या ट्रेमध्ये पसरलं. रंग काळपट, ते चालतं. उजेडात ट्रे तिरका केला तर तेलात सोनेरी चमक हलत होती, बारीक, अभ्रकासारखी. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रेमधून फिरवलं. पिशवीवर राखाडी लगदा जमला, बोटांत चोळला तर मऊ, कुठेही टोचलं नाही. ती लोखंडाची नेहमीची झीज, प्रत्येक जुन्या गिअरबॉक्समध्ये असते. चकती किंवा दात्याचा तुकडा सापडला असता तर गोष्ट वेगळी. सोनेरी चमक मात्र चुंबकाला चिकटली नाही, ट्रेमध्येच राहिली. ते पितळ. पितळ या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोच्या रिंगांना असतं.

म्हणजे पहिला मिस्त्री अगदीच हवेत बोलत नव्हता.

कुठलं ९०

सरांनी त्या जुन्या गॅरेजला फोन लावला. तिथल्या पोऱ्याने मोकळेपणाने सांगितलं, ‘सर, आमच्याकडे ड्रम असतो ना, टेम्पोच्या डिफरन्शियलचा, तेच सगळ्यांत टाकतो.’

यात त्या पोऱ्याला दोष देण्यापेक्षा गोष्ट समजून घेणं बरं, कारण हाच घोळ अर्ध्या महाराष्ट्रात चालतो. गिअर ऑइलच्या डब्यावर ९० हा आकडा ठळक छापलेला असतो आणि बाजारात सगळे ‘नव्वद नंबर द्या’ म्हणूनच मागतात. हा आकडा फक्त घट्टपणा सांगतो. तेलात काय मिसळलंय ते सांगतो दुसरा, बारीक अक्षरांतला कोड: जीएल-४ किंवा जीएल-५.

टेम्पो, जीप, पिकअप यांच्या मागच्या ॲक्सलमध्ये हायपॉइड गिअर असतात. पिनियन (छोटा, चालवणारा गिअर) क्राउन व्हीलच्या (त्याने फिरणाऱ्या मोठ्या गिअरच्या) मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो, त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते गोल फिरत नाहीत, जोराने घसटत सरकतात. त्या दाबात साधं तेल पिळून बाहेर जातं. म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं भरपूर, जीएल-४ च्या साधारण दुप्पट. उष्णतेत ती धातूवर एक निसरडा थर चढवतात आणि दाते वाचवतात.

मारुती ८०० सारख्या आडव्या इंजिनाच्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं आणि त्याचे गिअर साधे तिरप्या दात्यांचे. हायपॉइड नाहीत. तिथे जीएल-५ ची गरजच नाही. गंमत म्हणजे ओम्नीला इंजिन हेच, पण ती मागच्या चाकांवर चालते, तिचं डिफरन्शियल मागे वेगळं आणि हायपॉइड. ‘इंजिन तेच, मग तेलही तेच’ या न्यायाने दोन्हीत एकच डबा रिकामा करणारे मी पाहिलेत.

मग गरज नसताना जास्त ताकदीचं तेल टाकलं तर बिघडलं कुठे? इथे सिंक्रोची रिंग कशी काम करते ते पाहावं लागतं. दुसरा गिअर टाकताना स्लीव्ह (गिअरला शाफ्टशी जोडणारी सरकती कडी) आधी पितळेच्या रिंगला गिअरच्या कोनावर, म्हणजे शंकूसारख्या निमुळत्या भागावर, दाबते. रिंगच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात. त्यांनी कोनावरची तेलाची पापुद्री खरवडून काढायची, धातू धातूला घासायचा, त्या घर्षणाने दोन्हींचा वेग एक व्हायचा, आणि मगच स्लीव्हचे दाते आत शिरायचे. सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत. म्हणजे गिअरबॉक्समध्ये ही एक जागा अशी आहे की जिथे घर्षण हवंच आहे. जीएल-५ चा निसरडा थर नेमका तिथे आड येतो. रिंग घसरते, वेग जुळत नाही, दाते दात्यांवर आपटतात. तोच तो खर्र.

दुसरा आरोप असा की जीएल-५ मधलं गंधक पितळ खातं. जुन्या तेलांच्या बाबतीत यात तथ्य होतं. आताच्या चांगल्या तेलांत तांब्या-पितळेला जपणारी द्रव्यं घातलेली असतात, आणि तांब्याची पट्टी गरम तेलात ठेवून तपासायची प्रमाणित चाचणीही आहे. माझं मत विचाराल तर गंधकाचा बाऊ जरा जास्त होतो आणि घसरण्याकडे दुर्लक्ष होतं. ट्रेमधली सोनेरी धूळ दिवाळीपासूनच्या दोन-तीन महिन्यांची नव्हती. ती वीस वर्षांच्या घाटाची होती. मागच्या गॅरेजवर सगळं ढकलून मोकळं होणं सोपं होतं, सरांचीही तयारी होती, पण ते खरं नसतं. त्यांनी कमी तेल भरलं आणि चुकीचं भरलं. आधीच दमलेल्या रिंगला ते सोसलं नाही.

आता तो ९० आकडा. सरांनी बरोबर जागी बोट ठेवलं, ‘अरे, इंजिनात आपण २०डब्ल्यू-५० टाकतो. हे ९० म्हणजे त्याच्या दुप्पट घट्ट का?’ नाही. इंजिन ऑइलची पट्टी वेगळी, गिअर ऑइलची वेगळी. शंभर अंश सेल्सिअसला मोजलं तर गिअर ऑइलचं ९० हे इंजिन ऑइलच्या ४०-५० च्या आसपास भरतं. आकडे मुद्दाम लांब ठेवलेत, डबे अदलाबदल होऊ नयेत म्हणून. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला: ७५डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे ४० अंशाला घेतात, ८०डब्ल्यूची उणे २६ ला, ८५डब्ल्यूची उणे १२ ला. उणे ४० पाचगणीत कधी होणार नाही. पण जे तेल उणे ४० लाही वाहतं ते पाचगणीच्या आठ-दहा अंशांच्या सकाळी साध्या ९० पेक्षा नक्कीच पातळ असतं, आणि रिंगला ते खरवडून काढायला सोपं जातं. म्हणून सरांच्या गाडीसाठी जीएल-४, ७५डब्ल्यू-९० ठरवलं. हीच गाडी सांगलीत किंवा परभणीत असती तर ८०डब्ल्यू-९० टाकून शांत झोपलो असतो. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘सिंथेटिक’ आहे की नाही हा प्रश्न माझ्या लेखी तिसरा. आधी जीएल-४, मग घट्टपणा, मग बाकीचं.

हे सगळ्या गाड्यांना लावू नये. जुन्या होंडांच्या गिअरबॉक्समध्ये चक्क इंजिन ऑइल चालायचं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक कपाटात असेल तर ते काढावं, तेलाचं पान एका मिनिटात सापडतं.

भरणं

तेल निथळू दिलं, पंधरा-वीस मिनिटं, शेवटी नुसता थेंब-थेंब होईपर्यंत. खालच्या प्लगचे आटे पुसून सीलंटचा पातळ हात दिला, नवं वॉशर टाकलं आणि टॉर्क रेंचने आवळला. ‘घट्ट कर रे अजून’ म्हणणारा माणूस या जागेपासून लांब ठेवावा. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की पाचपन्नास रुपयांचं वॉशर वाचवायच्या नादात हजारांचं काम निघतं.

वरच्या भोकात हात जातो पण बाटली जात नाही. बोनेटमधून पारदर्शक नळी खाली सोडली, वरच्या टोकाला फनेल, खालचं टोक प्लगच्या भोकात, आणि आमच्या गॅरेजातल्या पोऱ्याला खाली बसवला. हळूहळू ओतत गेलो. दुसरं लिटर संपत आलं तेव्हा पोऱ्या ओरडला, ‘आलं आलं!’ भोकाच्या काठावरून तेलाची धार लागली. ती धार थांबून थेंब पडायला लागेपर्यंत थांबलो आणि प्लग लावला. पुस्तकातला लिटरचा आकडा खरेदीपुरता. खरं माप म्हणजे हा काठ. जास्त भरलं तर तेल फेसाळतं आणि सीलातून वाट काढतं.

जुनं तेल बंद कॅनमध्ये भरून जुनं ऑइल नेणाऱ्याच्या ड्रमसाठी ठेवलं. आमच्याकडे कुंपणाच्या लाकडांना वाळवी लागू नये म्हणून ते फासायला मागणारे येतात. देत नाही, खाली विहिरी आहेत.

नंतर

सरांनी वहीत स्वतःची खूणपद्धत काढली: फुली म्हणजे खर्र, बरोबरची खूण म्हणजे गुपचूप पडला. सकाळी घरातून निघून पहिल्यांदा दुसरा टाकताना, आणि घाटात पहिल्यांदा तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना, अशा रोज दोन नोंदी.

सकाळच्या रकान्यात तेल बदलल्यापासून फुल्या जवळजवळ थांबल्या. एखादी दिसते ती कडाक्याच्या थंडीच्या दिवशी. घाटाच्या रकान्यात मात्र फुल्या कमी झाल्या, संपल्या नाहीत. सर म्हणाले, ‘हळू टाकला तर पडतो. मागे बस लागली आणि घाईत टाकला की वाजतो.’

याहून नेमकं निदान मशीननेही झालं नसतं. वरच्या गिअरला जाताना शाफ्टचा वेग कमी व्हावा लागतो. तो आपसूकच कमी होत असतो, तेलही मदत करतं. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना उलट, क्लच प्लेट आणि शाफ्ट यांना दीडपटीहून जास्त वेग द्यावा लागतो, आणि तो सगळा त्या पितळेच्या रिंगनेच द्यायचा. झिजलेली रिंग हे करते, पण वेळ घेते. तेल बदलून घर्षण परत आलं. झिजलेलं पितळ काही परत येत नाही.

यावर रिंग बदलणं हा खरा उपाय. दुसरा उपाय पायाचा. एसटीचे जुने चालक घाटात करायचे तो डबल क्लच: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलकीशी टिचकी, पुन्हा क्लच दाबून दुसरा. शाफ्टला वेग इंजिनच देतं, रिंगला काम उरत नाही. मी सरांना शेजारी बसून दाखवायला निघालो तर ते म्हणाले, ‘अरे, मी ॲम्बेसेडरवर शिकलोय.’ आणि पहिल्याच वळणावर दुसरा असा टाकला की मला कळलाही नाही.

खर्चाचं बोलायचं तर केबल, बुश, तेल, वॉशर आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत बसलं. गिअरबॉक्स उतरवायचा तर रिंगा, सीलं, आणि उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही, असं करत पंधराच्या पुढे जातं. गाडी विकायला काढली तर पन्नास-साठ हजार येतील. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग आणि पर्यावरण कर भरून सर ती हौसेने चालवतात, हिशेबाने नाही. तरीही मी गिअरबॉक्स उघडायला सांगितलं नाही. नुसता वाजणारा दुसरा गिअर सांभाळून चालवता येतो, आणि या वयात उघडलेल्या गिअरबॉक्समध्ये एक रिंग बदलायला गेलं की चार गोष्टी हाताला लागतात.

दोन गोष्टी ठरवून ठेवल्या. हजारभर किलोमीटरनंतर हे तेलही काढायचं. आत चिकटून राहिलेलं जीएल-५ त्यात धुऊन निघेल, आणि ट्रे-चुंबकाची परीक्षा पुन्हा होईल. सोनेरी चमक पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी दिसायला हवी. तेवढीच किंवा जास्त दिसली तर रिंग अजून भरभर झिजतेय असं समजायचं, आणि मग उघडायचं बोलू.

दुसरी गोष्ट मी सरांच्या वहीतच लिहून दिली. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर दुसरा गिअर आपोआप निसटून न्यूट्रलमध्ये आला, एकदाच जरी, तरी गाडी तिथेच कडेला घ्यायची आणि मला फोन करायचा. टो करून आणू. निसटणाऱ्या दुसऱ्या गिअरवर पसरणी घाट उतरायचा नाही.